धाकटीला मी नापास केलं

जावयाला बोट हवी होती. नवी नाही, वापरलेली. सुट्टीत पोराबाळांना घेऊन आठ-दहा दिवस समुद्रावर हिंडता येईल आणि वर्षातून एक-दोनदा शर्यतीतही उतरवता येईल अशी शिडाची यॉट. म्हणजे संसारही हवा आणि मिरवायलाही हवं. मी म्हटलं, "अशी बोट आणि असा जावई, दोन्ही शोधून सापडत नाहीत." जावई हसला, बिचारा. लेक हसली नाही.

बोटी तपासणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. आजकालची पोरं ओल मोजायची यंत्रं घेऊन फिरतात, माझ्याकडे फक्त एक छोटी हातोडी. बोटीच्या फायबरच्या अंगावर वीत-वीतभर अंतराने ठोकत जायचं. धड असेल तर खणखणीत वाजतं. आत पाणी शिरून थर सुटले असतील तर भद्द. तिथे खडूने फुली मारायची. एवढंच शास्त्र, बाकी सगळी फुशारकी. ती मी भरपूर केली.

दोन बोटी मी आधीच उडवून लावल्या होत्या. ही तिसरी. शिडं जुनी पण नीट, दोर नवे, आत चौघांना झोपायला जागा, छोटासा ओटा. जावयाचा जीव तिच्यावर जडलाय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. यार्डात ती लोखंडी घोड्यांच्या टेकूवर उभी होती. मी ठोकत पुढे, लेक खडू घेऊन मागे. भद्द. फुली. भद्द. फुली. अर्ध्या तासात बोटीला देवी आल्यासारखं दिसायला लागलं.

"बाबा," लेक समोर येऊन म्हणाली, "ही चांगली वाजतेय."

"आता तू मला शिकवणार? रांगत होतीस तेव्हापासून हे करतोय मी!"

तिने नवऱ्याला मालकाकडे इंजिनाचे कागद आणायला पिटाळलं आणि माझ्या हातातली हातोडी काढून घेतली. "डोळे मिटा. मी ठोकते, तुम्ही सांगा."

संताप आला, पण मिटले. भद्द. "खराब." भद्द. "तेही खराब." भद्द. "अगं, किती वेळा सांगू, सगळी सडलीय!"

डोळे उघडले तर तिचे भरलेले.

"बाबा, मधला ठोका मी घोडीवर मारला. लोखंडावर."

तोंडात बसल्यासारखं झालं. दोन वर्षं मी जगाला शिव्या घालत होतो, की हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. घरचे म्हणायचे, कान दाखवून या. मी म्हणायचो, तुम्ही नीट बोलायला शिका. दोन वर्षं! आणि मग एकदम धाकटी आठवली.

यार्डाच्या टोकाला माझ्या मित्राचं दुकान आहे, तो शिडं शिवतो. दोन मुलींच्या पाठीवर त्याने स्वतःच्या हाताने एक बोट बांधली, म्हणून ती धाकटी. गुडघे गेले तेव्हा गेल्या वर्षी विकायला काढली. "तू बघ, तुझा शब्द शेवटचा," म्हणाला. मी बघितली. सगळीकडे भद्द. आतून सडलीय म्हणून सांगितलं. दुसरा कुणी असता तर रंग फासून कुणाच्याही गळ्यात मारली असती. त्याने तिला करवत लावली.

मी तडक त्याच्याकडे निघालो. लेक मागोमाग. दुकानाच्या दारावर धाकटीच्या कुशीचा एक तुकडा छपरासारखा बसवलेला आहे. वर्षभर मी त्याखालून ये-जा केली, मान वर करून कधी बघितलं नाही. आज स्टुलावर चढलो आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. कोरडी ठणठणीत, अखंड. एकही थर सुटलेला नाही. भिंतीला आणखी दोन तुकडे टेकवलेले होते, तेही चाचपले. तसेच.

मित्र बाहेर आला. आयुष्य शिवणयंत्राच्या खडखडाटात गेल्यामुळे तो ओरडूनच बोलतो. त्याचं बोलणं मला नेहमीच ऐकू यायचं.

"जावयाची बोट बघताय ना?" मग लेकीकडे वळून म्हणाला, "हा बघतोय तर तुला काळजी नाही, पोरी. हा होता म्हणून मी वाचलो. नाहीतर कुणाची तरी लेकरं बुडवली असती मी."

लेक माझ्याकडे बघत राहिली. 'चूक झाली' एवढंच म्हणायचं होतं मला. माझ्या जिभेला काय धाड भरली होती कोण जाणे.

"आतून पोकळच होती रे ती," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली आणि वर हात करून त्या तुकड्यावर थोपटलं, पोरीच्या पाठीवर थोपटावं तसं.

लेक हातोडी त्याच्या टेबलावर ठेवून निघून गेली. मी पोचलो तेव्हा ती बोटीवरच्या फुल्या बाहीने पुसत होती. जावई कागद घेऊन आला, तिने त्याला काहीतरी सांगितलं आणि त्याचा चेहरा खुलला. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच ती मलाही काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांग म्हणायची माझी हिंमत झाली नाही.