चौथा विषय

शाळेत जीवशास्त्राला पहिली आले तेव्हापासून मी डॉक्टर होणार म्हणजे होणारच, हे जिन्यावर भेटेल त्याला मी सांगत सुटले होते. त्यासाठी अकरावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र तर घ्यावंच लागतं; प्रश्न होता चौथ्या विषयाचा. मला मानसशास्त्र हवं होतं. बाबांना गणित.

"ताईने गणितच घेतलं होतं," बाबा म्हणाले.

आमच्या घरात या वाक्यापुढे कुणाचं काही चालत नाही. ताई तीन वर्षांपूर्वी, मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला असताना, तापाने गेली. गेली म्हणायचं आपलं. मी तिच्या खोलीत अभ्यासाला बसले की आई स्वयंपाकघरातून ओरडते, "वाकून बसू नकोस गं, पाठ दुखेल!" पाठ ताईची दुखायची. माझी ठणठणीत आहे. तिच्या पुस्तकांत तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. कुठलंही पान उघडा, ती माझ्या आधी तिथे पोचलेली असते. कधीकधी मान वळवून मागे बघायचीही हिंमत होत नाही. आणि म्हणे मी वर्गात सगळ्यात धीट!

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी कॉलेजच्या खिडकीशी आम्ही दोघं उभे होतो. घरातले सगळे फॉर्म बाबाच भरतात, सुवाच्य अक्षरात; मी फक्त सही ठोकते. खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर केला.

"फॉर्म हिचाच ना?"

"हिचाच," बाबा म्हणाले.

"मग ही तेवीस वर्षांची झाली की! वय दिसत नाही हो अजिबात."

मागे रांगेत हशा पिकला. मीही हसले असते, पण बाबांचा चेहरा पाहिला. ते कागदाकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणी भरलाय. जन्मतारीख ताईची होती. माझ्या नावाखाली, माझ्या फोटोशेजारी. अंगावर सर्रकन काटा आला. हा कागद तसाच आत गेला असता, तर वर्गात बसणार होतं कोण, मी की ती?

"बाई, कोरा फॉर्म द्या." माझा आवाज मलाच मोठा वाटला.

तिथेच कठड्यावर टेकून मी तो स्वतः भरला. तारीख माझी. चौथा विषय, मानसशास्त्र. पालकांची सही तेवढी राहिली. कागद बाबांपुढे सरकवला.

त्यांनी पेन टेकवलं आणि थांबले. "ताईला काय सांगू मी?" इतकं हळू म्हणाले, की बाईंना ऐकूही गेलं नसावं.

"तुम्ही नका सांगू, बाबा. मी सांगते तिला."

त्यांनी सही केली.