पिवळ्या फडक्याची करामत

मी एक जुना लॅपटॉप आहे. नवा होतो तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! पुढे माझी गती मंदावली आणि मालकांच्या भाचेमंडळींनी मला थेट भंगाराची वाट दाखवली. पण मित्रांनो, माझे मालक पडले हाडाचे घड्याळजी. हाती आलेली वस्तू ते अशी सोडतात होय? त्यांनी माझ्यात जड विंडोजऐवजी लिनक्स नावाची हलकी, फुकट मिळणारी प्रणाली घातली आणि मी पुन्हा पळू लागलो.

मालकांचे कान मात्र वयोमानाने गेले. ब्लूटूथचा मोठा हेडफोन लावला तरच त्यांना गाणे ऐकू येई. वायर लावायची माझी जागा केव्हाच मोडली होती. आणि नेमके ब्लूटूथच रुसले! मालक संध्याकाळी खटपट करून चालू करीत, दुसऱ्या दिवशी पाहावे तर पुन्हा ठप्प.

त्या दिवशी तर त्यांच्या लेकीचे गाणे दूरच्या शहरातून थेट दिसणार होते. मोठ्या सभागृहातला तिचा पहिलाच कार्यक्रम! मालकांनी हेडफोनची जुनी जोडणी काढून नवी केली. मला बंद करून पुन्हा चालू केले. काही उपयोग नाही. शेवटी एक आज्ञा लिहून त्यांनी मलाच विचारले, तेव्हा कुठे मला सांगता आले की ब्लूटूथ कोणीतरी अडवून ठेवले आहे. त्यांनी अडसर काढला आणि हेडफोनचा निळा दिवा लागला.

"अगं, लागलं!" मालक ओरडले.

"थांबा हो, पोरगी दिसायचीय. जरा पुसून घेते," म्हणत मालकीणबाई पिवळे फडके घेऊन आल्या. मालक आंघोळीला गेले की त्या रोज मला असेच मायेने पुसत. फडके कळफलकाच्या वरच्या ओळीतल्या एका कळीवरून फिरले, पडद्यावर 'ब्लूटूथ बंद' अशी अक्षरे उमटली आणि निळा दिवा गेला. त्या कळीवरचे चित्र पुसून पुसून कधीच नाहीसे झाले होते.

"अगं बाई! म्हणजे रोज मीच?"

"आणि मी या बिचाऱ्याला शिव्या घालतोय!"

मालकीणबाईंनी फडके खांद्यावर टाकले आणि तीच कळ ठासून दाबली. दिवा लागला. तेवढ्यात लेकीने पहिला सूर लावला.

"ऐकू येतंय! तिचा श्वाससुद्धा ऐकू येतोय गं!" मालकांचे डोळे भरून आले. त्यांनी हेडफोनची एक बाजू मालकीणबाईंच्या कानाला लावली. डोक्याला डोके टेकवून दोघे शेवटपर्यंत ऐकत राहिले. मला तर आकाश ठेंगणे झाले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर मायेने पुसा. फक्त पुसण्याआधी आम्हाला बंद करा. मग बघा, आम्ही म्हातारेसुद्धा सभागृह कसे घरात आणून ठेवतो!