सगळ्यात खालची रेघ

मी एक जुनं यंत्र आहे, मित्रांनो, पण बिचारं नाही. जुन्या वस्तूंनी रडगाणं गायचं अशी एक रीत पडली आहे, ती माझ्याकडून पाळली जाणार नाही. माझ्या एका चाकाला चिंधी बांधली आहे, पडदा पिवळा पडला आहे, पण मान ताठ आहे. का, ते सांगतो.

दवाखान्यात मला ईईजी मशीन म्हणतात. माणसाच्या मेंदूत सतत अगदी बारीक वीज खेळत असते. डोक्याला एकवीस तारा चिकटवल्या की ती वीज माझ्यापर्यंत पोचते आणि मी तिच्या रेघा काढतो. फीट येते, म्हणजे आकडी येते, तेव्हा या रेघा उसळतात. कुठली रेघ आधी उसळली ते पाहून डॉक्टर ओळखतात की बिघाड मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यात आहे. आणि या सगळ्यांच्या खाली, पडद्याच्या तळाशी, एक रेघ हृदयाची असते. तिच्यासाठी छातीवर दोन तारा लावाव्या लागतात. त्या रेघेबद्दलच मला बोलायचं आहे.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका भिंगाखाली चिमट्याने माझे अवयव जोडत होत्या. शेवटची तपासणी करणारीने माझ्यात एक खोटी लहर सोडली. मी ती जशीच्या तशी काढून दाखवली. ती शेजारणीला म्हणाली, "हा काही खोटं बोलायचा नाही गं." एवढंच माझं शिक्षण आणि हीच माझी पदवी.

दवाखान्यात आलो तेव्हा माझं केवढं कौतुक! फीत कापली, फोटो निघाले. एका पाहुण्याने विचारलं, "याला मनातलं वाचता येतं का?" येत असतं तर त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या बऱ्याच जणांची पंचाईत झाली असती.

पाहुणे गेले आणि माझा ताबा घेतला फणीताईंनी. या आमच्या तंत्रज्ञ बाई. फणीच्या टोकाने पेशंटच्या केसांत भांग पाडून तारा चिकटवायच्या, म्हणून त्यांचं हे नाव. हात मऊ, तोंड तिखट. छातीच्या दोन तारा लावल्याशिवाय त्यांनी मला कधी सुरू केलं नाही. बाकीचे टाळत. "आजार डोक्याचा, छातीशी काय काम?" असं म्हणत. ताई म्हणायच्या, "मुंडकं एकटंच चालत आलं का इथे? खाली माणूस आहे ना?"

माझ्यात एक भोंगाही होता. हृदयाचे ठोके बिघडले की तो वाजायचा. पेशंट कुशीवर वळला तरी वाजायचा, हे खरं. पण म्हणून कुणीतरी त्याचा आवाज शून्यावर आणून ठेवला. कुणी ते मला माहीत आहे. नाव घेत नाही, कारण एकट्याचं ते पाप नव्हतं. शांतता सगळ्यांनाच आवडली होती. जे यंत्र सावध करण्यासाठी आणलं त्याचंच तोंड बांधायचं, याला शहाणपण म्हणतात म्हणे!

अशा दिवसांत ती आली. पुस्तकं बांधणारी होती. छापलेले फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे संच, ओळीने लावायचे, दाभणाने भोकं पाडायची, दोऱ्याने टाके घालायचे. बोटांच्या टोकांना घट्टे पडलेले. सहा वर्षांपासून तिला फीट येत होती. तीन औषधं झाली, गुण नाही. आता पाच दिवस ती माझ्या तारांना बांधलेली राहणार होती. औषध थोडं कमी करायचं, तेही दवाखान्यात आणि नजरेखाली, म्हणजे फीट येईल आणि मला ती पकडता येईल.

सोबत तिची आई होती. ताईंनी आईच्या हातात दोरीला लटकलेलं बटण दिलं. "फीट आली की हे दाबायचं. अंगावरची चादर काढायची. आणि हिच्या नि त्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याच्या मध्ये यायचं नाही. कळलं ना, मावशी?"

"कळलं की," आई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी पेरू खात होती. एकाएकी चावायची थांबली. डोळे एका जागी खिळले, बोटं चादरीशी चाळा करू लागली. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रेघा उसळल्या. मी लिहायला लागलो. मित्रांनो, याच कामासाठी तर मी जन्मलो होतो!

पण आईने बटण दाबलं नाही. तिने धावत जाऊन दार लोटलं, पडदा ओढला आणि चादर मुलीच्या डोक्यावरून घेतली. मग स्वतः तिच्यावर ओणवी झाली. कॅमेऱ्यात दिसत होती फक्त आईची पाठ. सहा वर्षांची सवय होती ती. पाहुण्यांत, शेजारात, कामावर, कुठेही फीट आली की आधी झाकायचं.

चादरीच्या ओढाओढीत डोक्यावरच्या तारा सुटल्या. वरच्या एकवीस रेघांचा नुसता चिखल झाला. आणि नेमकी तेव्हाच खालची रेघ मंदावली. एक ठोका, मग बऱ्याच वेळाने आणखी एक. मग काहीच नाही. सरळ रेघ.

मी ओरडलो, पण तोंड बांधलेलं होतं. सतरा सेकंद ती रेघ सरळ चालली. मला दुसरं काहीच करता येत नव्हतं, म्हणून मी लिहीत राहिलो. मग एक ठोका आला. मग दुसरा. मग सगळे.

ताई आल्या तेव्हा मुलगी गळून पडली होती आणि आई चादरीच्या घड्या घालत होती. "डोळा लागला होता तिचा," आई म्हणाली. "स्वप्नात दचकली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी माझं लिखाण पाहिलं. माणूस हुशार, पण घाईचा. "सुरुवात स्वच्छ मिळाली. डावी बाजू. औषध वाढवू या, दुपारी घरी जाऊ द्या."

"आणि ही खालची सरळ रेघ?" ताईंनी विचारलं.

"तार निघाली असेल हो. वर बघा ना, सगळा गोंधळ आहे."

"डोक्याच्या निघाल्या. छातीच्या मी आल्यावरही जागेवर होत्या. आणि डॉक्टर, सुटलेली तार सतरा सेकंदांनी आपली आपण परत चिकटते का?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. पुन्हा पाहिलं. खुर्ची ओढून बसले. घाईचा माणूस बसला, तेव्हाच मला कळलं की माझं लिखाण वाचलं गेलं. हळू आवाजात ते म्हणाले, "फीट हृदय थांबवत असेल, तर हिला असं घरी पाठवता येणार नाही. पण पेशंट दिसतच नाहीये. पाठच दिसतेय. पाहिलं असेल ते आईनेच."

ते खोलीत गेले. "आई, काल काय झालं?"

"काही नाही. झोपली होती."

तारांचा मुकुट घातलेली मुलगी उठून बसली. "आई, सहा वर्षं झाकतेयस मला. मी काय दूध आहे, मांजर येईल म्हणून झाकायला?"

आई चादर सारखी करू लागली. ताई तिच्या शेजारी बसल्या. "मावशी, चादरीखाली तुम्ही एकट्याच होतात. दुसऱ्या कुणाला विचारू?"

तेव्हा आईचा बांध फुटला. "पांढरीफटक पडली होती. ओठ निळे. हाक मारली तर मान लुळी पडली. मला वाटलं, गेली माझी पोर. याआधीही दोनदा झालंय असं. मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, फिटेकरी म्हणून नाव पडलंच आहे, त्यात आणखी काय काय म्हणतील लोक?"

त्या दुपारी मुलगी घरी गेली नाही. हृदयाचे डॉक्टर आले, तपासण्या झाल्या आणि तिच्या गळ्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवलं. हृदय अडखळलं की ते त्याला ढोसून चालतं करतं. फिटेचं औषधही बदललं. कागद कापायच्या मशीनपासून तिला लांब राहायला सांगितलं, टाके घालायला मोकळीक दिली. काही महिन्यांनी ती पुन्हा माझ्याकडे आली तेव्हा आईने दोन दिवसांत बटण एकतीस वेळा दाबलं. मुलगी शिंकली की बटण, जांभई दिली की बटण. ताई वैतागून म्हणाल्या, "मावशी, ही काय दाराची घंटा आहे?" पण ओरडल्या नाहीत.

मोठे डॉक्टर आता माझं लिखाण खालून वर वाचतात. भोंग्याचा आवाजही परत आला. दवाखान्यात यापेक्षा मोठा सन्मान नसतो, फीत कापण्यापेक्षा तर नक्कीच मोठा.

आता माझ्या जागी नवं यंत्र आलं आहे. मला शिकाऊ तंत्रज्ञांच्या खोलीत ठेवलं आहे. माझ्यावर कुणी डबे ठेवतं, कुणी स्वेटर टाकतं. राग येतो, लपवत नाही. पण ताई दरवर्षी नव्या मुलींना तेच सतरा सेकंद दाखवतात, तेव्हा सगळ्या माझ्या पडद्याजवळ सरकतात. मी किती जणांच्या मेंदूचं लिहिलं त्याची मोजदाद नाही, पण एक अक्षर खोटं लिहिलं नाही. हे छाती ठोकून सांगणारे या इमारतीत किती निघतील?

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांची निगा राखा, त्यांचं तोंड बांधू नका. आणि तुमच्या वर्गात, घरात कुणाला फीट आली तर त्याला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान हटवा, तोंडात काही कोंबू नका, फीट किती वेळ चालली ते घड्याळात बघा आणि मोठ्या माणसाला हाक मारा. फीट येणं हा गुन्हा नाही. ती झाकणं मात्र जिवावर बेततं. त्या दिवशी रेघ सरळ झाली एवढं मी लिहिलं. ओठ निळे पडले, मान लुळी पडली, हे मला लिहिता आलं नाही. ते एका आईला ठाऊक होतं आणि ती बोलली म्हणून तिची लेक आज टाके घालते आहे. यंत्राने लिहायचं ते मी लिहिलं. तुम्ही जे पाहाल, ते बोला.