एकदा म्हणजे नाही

चिमटीचं रबर एका बाजूने चिरलं होतं, केसाएवढंच, पण चिरलं होतं, आणि ती मघापासून त्या चिरेवर नख फिरवत बसली होती. पोहताना नाकाला लावायची ही चिमटी. पाण्याबाहेर तिचा उपयोग एवढाच की छापायची पानं पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत. ऑफिसात कोणीतरी पहिल्यांदा विचारलं होतं, हे काय, तर ती म्हणाली होती, माझं नाक. तेव्हापासून हे असंच… नाक लावा, नाक काढा, बाईंचं नाक कुठे गेलं. आज त्या नाकाखाली दोन गठ्ठे होते आणि दोन्ही गठ्ठ्यांत तिचा नवरा मेला होता.

ती मुद्रितशोधक. पुस्तक छापायला जाण्याआधी पानं वाचायची, चुका धरायच्या, समासात पेन्सिलीने खुणा करायच्या. या प्रकाशकाचं बरंचसं दुकान डोंगरांवर चालतं, त्यातही जगातल्या सगळ्यात उंच डोंगरावर. गेल्या तेरा वर्षांत ती त्या एका शिखरावर एकोणीस वेळा चढून आली आहे, खुर्चीतून न उठता. कुठल्या प्रकरणात काय येणार हे तिला आता डोळे मिटूनही सांगता येतं. पहिल्यात लहानपणीची टेकडी. दुसऱ्यात बूट. तिसऱ्यात निरोप, आणि निरोपात बायको. बायको एक तर हसत असते नाहीतर डोळ्यांतलं पाणी लपवत असते, तिसरं काही करायची तिला मुभा नाही. भाऊजींच्या पुस्तकात ती स्वतः हसते आहे – 'वहिनी दारात हसत उभ्या होत्या' – आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तिची अक्कलदाढ ठणकत होती, उजवा गाल टम्म फुगला होता. लांबून हसल्यासारखा दिसला असेल. तीन आवृत्त्या झाल्या, ती तशीच हसते आहे.

भाऊजी म्हणजे नवऱ्याचा दोस्त, दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेला माणूस. चौदा वर्षांपूर्वी दोघे वर गेले आणि एकटे भाऊजी खाली आले, उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं तिथेच ठेवून. विमानतळावरून ते स्वतःच्या घरी गेलेच नाहीत. थेट हिच्याकडे आले, बँडेज बांधलेला हात मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, तो शेवटपर्यंत शुद्धीत होता, वहिनी, मला जवळ ओढलं आणि म्हणाला, घरी सांग, पोरीला पोहायला शिकव. एवढंच. पोर तेव्हा सहा वर्षांची. आणि ही, जिला भरलेल्या बादलीचीही धास्ती, ती पंधराव्या दिवशी पोरीचा हात धरून पोहण्याच्या तलावावर जाऊन उभी राहिली. पोरीला एकटीला पाण्यात सोडवेना म्हणून स्वतःही उतरली, नाकाला चिमटी लावून, देवाचं नाव घेत. ती पोर आज वीस वर्षांची आहे. त्याच तलावावर लहान मुलांना शिकवते, आणि कोणी विचारलं की या वाटेला कशी लागलीस, तर मान ताठ करून सांगते, बाबांचा निरोप होता.

तो निरोप डाव्या गठ्ठ्यात आहे, पान दोनशे बारावर. भाऊजींच्या पुस्तकाची चौथी आवृत्ती, नव्या टायपात. उजव्या गठ्ठ्यात डॉक्टरांचं नवं पुस्तक. डॉक्टर त्याच मोहिमेवर होते, तिसऱ्या मुक्कामापर्यंत. इतकी वर्षं गप्प राहिले, आता निवृत्त झाले आणि लिहायला बसले. छापण्याआधी तिला वाचू दे, असं त्यांनी मुद्दाम कळवलं होतं. पान सत्त्याऐंशी:

'तिसऱ्या मुक्कामावर त्याचा घसा पुरता बसला. आवाज असा उरलाच नाही. वर जाऊ नकोस म्हणून मी बजावलं. तो गेला. बोलता येत नव्हतं म्हणून वॉकीटॉकीचं आम्ही ठरवून घेतलं होतं: बटण दोनदा दाबलं तर हो, एकदा म्हणजे नाही. दुपारी दीड वाजता मी विचारलं, खाली येतोस का? बटण एकदा वाजलं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा एकदाच. त्यानंतर ते वाजलं नाही.'

सकाळी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिने 'मुक्काम'मधला सुटलेला क घातला आणि पुढच्या पानावर गेली. पुढच्या पानाच्या तिसऱ्या ओळीवर हात थांबला. मग ती मागे आली.

"म्हणजे असं आहे," संपादक तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले होते, "दोन्ही पुस्तकं एकाच दिवशी निघणार, एकाच टेबलावर मांडली जाणार, एकात माणूस बोलतो, एकात त्याला बोलता येत नाही, वाचणारा विचारणारच, तर डॉक्टरांना जरा मवाळ करायला सांगू, किंवा मग भाऊजींना, म्हणजे तुम्ही म्हणाल तसं, घरचा मामला आहे, फक्त पाचपर्यंत…" संपादकांना सगळं ऑफिस त्यांच्या पाठीमागे स्वल्पविराम म्हणतं. त्यांचं वाक्य कधी संपत नाही, तेच उठून जातात. तसेच ते गेले.

पाचपर्यंत. ती उठली, पाणी प्यायली, बसली. पेन्सिलीला टोक केलं. टोक होतंच, तरी केलं. खिडकीतून समोरच्या गच्चीवर एक माणूस चादर झटकत होता. एकच चादर तो किती वेळा झटकतोय हे ती मोजत राहिली आणि मग आपण मोजतोय हे कळल्यावर तिला स्वतःचाच राग आला. पुन्हा उठली. नळ नीट बंद आहे ना पाहून आली. कोणी मेलं की मागे राहिलेल्यांच्या हातात काहीतरी द्यावंच लागतं का? अंगठी, घड्याळ, वाक्य. आणि ज्याने दिलं त्याला परत कसं करायचं, चौदा वर्षं वापरून झाल्यावर?

गेल्या वर्षी एका दुसऱ्याच गिर्यारोहकाच्या पुस्तकात तिने समासात लिहिलं होतं – 'वाऱ्यामुळे काही ऐकू येत नव्हते असे पान ९८ वर म्हटले आहे. इथे संवाद कसा?' फार वाहवा झाली होती तिची. स्वल्पविरामांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं, याला म्हणतात नजर. ती आता डाव्या गठ्ठ्याची पानं मागे उलटू लागली, एकशे नव्व्याण्णव, एकशे अठ्ठ्याण्णव… 'इथून पुढे वारा असा की कानाशी ओरडलेलंही कळेना. आम्ही हातांनीच बोललो.' आणि चौदा पानांनी एक माणूस दुसऱ्याला जवळ ओढतो आणि संथपणे एक अख्खं वाक्य बोलतो. तीन आवृत्त्यांची मुद्रितं तिनेच वाचली होती. मी… मी काय वाचत होते मग? अनुस्वार. अनुस्वार वाचत होते.

नाही, तेही खरं नाही. भाऊजी सांगून गेले त्याच दिवशी, दार लावताना, तिच्या मनात आलं होतं की हे त्याचं बोलणं नाही. आलं होतं आणि तिने ते दाराबरोबरच लावून टाकलं होतं. ज्याला पोर कुठल्या वर्गात आहे ते विचारावं लागायचं, जो एकदा तिला आणायला म्हणून गेला आणि भलत्याच शाळेच्या फाटकाशी अर्धा तास उभा राहिला, वर घरी येऊन म्हणाला की मुलं सगळी सारखीच दिसतात, त्याला तिथे, त्या उंचीवर, पोरीचं पोहणं आठवलं? त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं. आठ वर्षांच्या संसारात पाण्याबद्दल तो जे काही बोलला ते गीझर बिघडला तेव्हा. पण एवढा चांगला निरोप कोण नाकारतं. जिवंतपणी मिळाला नाही असा नवरा तिला त्या एका वाक्यात मिळाला होता, आणि ती त्याच्याशी चौदा वर्षं सुखाने नांदली होती.

मग पोहणं आलं कुठून?

हे तिला खरं तर शोधावं लागलं नाही. हात आपसूक पहिल्या प्रकरणाकडे गेला. भाऊजींच्या पुस्तकात टेकडी नाही, सगळ्यांच्यात असते, त्यांच्यात खाण आहे. दगडाची बंद पडलेली, पाण्याने भरलेली खाण. भाऊजी नऊ वर्षांचे, धाकटी बहीण सहा वर्षांची. बहीण बुडाली तेव्हा ते काठावर तिचा फ्रॉक हातात धरून उभे होते, भिजू नये म्हणून. सबंध पुस्तकात हे एकच पान असं आहे की जिथे तिने कधी एकही खूण केलेली नाही.

मग तिने पेन्सिल उचलली आणि दोनशे बाराच्या समासात, कुठल्याही लेखकाच्या पानावर लिहिलं असतं तसंच, बारीक आणि सरळ लिहिलं – 'पान १९८ पाहावे. वाऱ्यात हे कसे ऐकू आले?'

भाऊजी चार वाजता आले, पानं बघून सही करायला. केस पार पिकलेत, पण जिना अजून दोन-दोन पायऱ्यांनी चढतात. चहाचा पेला उरलेल्या बोटांत धरून ते तिच्या समोर बसले, पोरीची चौकशी केली, तिने मुलांची नवी तुकडी घेतल्याचं ऐकून खूश झाले. तिने पान त्यांच्याकडे सरकवलं. ते चष्मा लावून वाचू लागले, आणि समासातली दोन वाक्यं वाचायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पुढे त्यांचे डोळे तिथेच राहिले. पेला टेबलावर ठेवताना थोडा चहा सांडला. तो पानाकडे येऊ नये म्हणून दोघांनी एकदमच हात घातला, आणि त्यांच्या हाताची ती गुळगुळीत आखूड बोटं तिच्या बोटांना लागली.

"वारा फार होता, वहिनी," ते म्हणाले.

चौदा वर्षं हीच गोष्ट त्यांनी तिला, पोरीला, सभागृहांतून शेकडो लोकांना सांगितली होती, आणि त्यात वारा एकदाही आला नव्हता.

"तुमच्या दारात पोर उभी होती," ते पेल्याकडे बघत म्हणाले. "फ्रॉक होता अंगात. मला काहीतरी… काहीच नाही असं कसं सांगणार होतो?"

"काहीच नव्हतं?"

"माझ्याकडे बघतही नव्हता तो. वर बघत होता."

बाहेर कोणीतरी शिडी ओढत नेली, तिचा फरशीवर कर्कश आवाज झाला. भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"याचं उत्तर उद्या दिलं तर चालेल का?"

"स्वल्पविरामांना पाचपर्यंत हवंय."

"आणि तुम्हाला?"

"मला नाही घाई," ती म्हणाली, आणि त्या घटकेला ते खरं होतं. त्यांच्याबद्दल तिला राग शोधूनही सापडेना. फ्रॉक धरून उभ्या असलेल्या माणसावर काय रागवायचं. त्याने आपल्या बुडालेल्या बहिणीचं पोहणं तिच्या पोरीला दिलं होतं, आणि पोर ते पोहत होती.

साडेपाचला ती तलावावर पोचली. क्लोरीनचा वास, ओल्या फरशीवर चपलांचा फटफटाट, आणि उथळ बाजूला तिची पोर, कमरेएवढ्या पाण्यात, एका रडक्या मुलाची हनुवटी तळहातावर तोलून धरून. "सोडत नाहीये, सोडत नाहीये," ती म्हणत होती, आणि म्हणता म्हणताच तिने सोडलं. मूल तरंगलं. आईला बघून पोर हसली.

"आई, चिमटी?"

"ऑफिसात राहिली. पानांवर."

"मग आज काठावर बस नुसती. तुझ्याच्याने नाही व्हायचं."

पोरीला सांगायचं का? आज, उद्या, की चौथी आवृत्ती हातात पडल्यावर तिचं तिनेच वाचायचं? की भाऊजी उद्या येऊन वारा खोडून टाकतील आणि वाक्य राहील? तिला काही ठरवता येईना. ती नेहमीसारखी कपडे बदलून आली, शिडीने एक एक पायरी उतरली, गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहिली, आणि नाकाशी हात न नेता खाली बसली.

पाणी नाकात शिरलं, कपाळापर्यंत झणझणलं. इथे रोज, पहिल्या डुबकीला, ती मनात म्हणायची, बघ, शिकवलं. चौदा वर्षांचा नेम. आज तोंडात ते शब्द आलेच नाहीत, त्यांच्या जागी स्वयंपाकघर आलं… ती सिंकपाशी, सुजल्या गालाची, हाताला साबणाचा फेस, आणि तो खाली बसून बुटांच्या नाड्या बांधतोय. यंदा नाही गेलास तर? तिने विचारलं होतं. त्याने वर पाहिलं नव्हतं. जीभ टाळूला लावून फक्त 'च्' केलं होतं. एकदा. चहा घेतोस का, च्. आईकडे येतोस का, च्. खाली येतोस का…

हा तो. चौदा वर्षांत पहिल्यांदा तिला त्याचा आवाज ओळखू आला, अगदी जसाच्या तसा. शेवटच्या श्वासाला पोरीची आठवण काढणाऱ्या माणसावर रागावता येत नाही, तिला कधी आलंच नव्हतं. पण याच्यावर, या नाड्या बांधणाऱ्यावर, विचारलं असताना खाली न येणाऱ्यावर येत होतं. राग पोटातून चढत होता, ऊन ऊन, चांगला जुना, घरचा. छाती फुटायला आली तरी ती वर आली नाही. डोळे उघडले. पलीकडे उथळ पाण्यात तिच्या पोरीचे दोन पाय घट्ट रोवून उभे होते आणि त्यांच्याभोवती लहान लहान पाय धडपडत होते, आणि ती तिथे तळाशी बसून नवऱ्याशी कडाकडा भांडत होती, तोंडातून बुडबुडे सोडत, एकामागून एक.