गंगामायची ओटी

नदीवर जायचा हट्ट मथुराबाईचाच होता. लेकीला समुद्र पाहायचा होता, जवायाला मामेसासऱ्याच्या घरी पंख्याखाली लोळायचं होतं, आणि आठ महिन्यांच्या छकुलीला आईची कूस मिळाली की बाकी जगाशी देणंघेणं नव्हतं. पण मथुराबाईने एकदा मनावर घेतलं की नेरला सासरी तिच्या नवऱ्याचंही काही चालत नसे. मग लेक-जवायाची काय कथा!

हट्टाला कारण होतं. झरी जामणीकडच्या तिच्या माहेरगावात रीत होती: लेकीला पहिलं मूल झालं की ते घेऊन पैनगंगेवर जायचं आणि गंगामायची ओटी भरायची. खण, नारळ, हळकुंड, मूठभर गहू. ओटी काठावरून फेकायची नाही, लेकीने स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून, वाहत्या धारेत, दोन्ही हातांनी सोडायची. मथुराबाईने तान्ह्या सुरभीला घेऊन ती तशीच भरली होती. नेरकडे ही रीत नव्हती, म्हणून सासूने तेव्हा नाकही मुरडलं होतं. आता सुरभीची पाळी होती, आणि भावाकडे चार दिवस आलोच आहोत तर हे राहून जायला नको, असं तिने येतानाच ठरवलं होतं.

"समुद्र, समुद्र काय करतं वं," ती लेकीला म्हणाली. "जवाईबापूची समुद्राची सहल लग्नापासून निघूनच राह्यली. माही नदी पाय एकदा. साखरेवानी रेती हाय. अन् एक मानूस दिसन तर शपथ!"

नयनने हसून गाडीची किल्ली उचलली. तो अमरावतीला शिकवणी वर्गात गणित शिकवायचा. स्वभावाने गरीब, सासूच्या शब्दाबाहेर न जाणारा.

घरात त्या वेळी भाऊ नव्हता. घनश्याम सकाळीच बाजाराला गेला होता आणि जाताना सांगून गेला होता, "अक्का, नदीवर जायचं तं सांजच्याले जाऊ. म्या येतो संगं." मथुराबाईला ते पटलं नाही. ओटी काय उन्हं कलल्यावर भरायची असते?

भावजय लीलाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "थांबा नं अक्का जरा. ते येईस्तोर. तिकडं आता पयल्यावानी नाही राह्यलं."

झालं. एवढ्या एका वाक्याने मथुराबाईच्या डोक्यात तिडीक गेली. ज्या नदीत आपण परकरी पोर असल्यापासून डुंबलो, डोक्यावर मोळी घेऊन जी पायी ओलांडली, ती आता ही काल आलेली बाई आपल्याला समजावणार? लीलाबाईला त्या घरात येऊनही तीस वर्षं झाली होती, पण नणंदेच्या हिशोबी ती कालचीच.

"मले माही नदी दाखवाले मानूस पायजे काय?" ती म्हणाली. "तू भाकरी पाय तुही. करपून राह्यली."

लीलाबाईचं तोंड एवढंसं झालं. तिने काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि मग भाकरी उलटली.

नदीपर्यंतचा रस्ता पाहून नयन खूश झाला. खडीचा, चांगला रुंद, दाबून बसलेला. "मामांच्या गावात तर हायवेच आहे," तो म्हणाला. रस्ता घनश्यामच्या गाड्यांनीच केला होता. आधी एक ट्रॅक्टर, मग दोन, मग टिप्पर आणि रेती उपसायचं मशीन. गावात त्याला रेतीवाले शेठ म्हणत, आणि मातीच्या घराच्या जागी त्याने फरशीचं घर बांधलं होतं. मथुराबाईला भावाचा अभिमान होता. नदीतून रेती नेली म्हणजे नदीत काही कमी होतं, असं तिच्या मनात कधी आलं नाही. लहानपणी ती भावंडं रेतीत झिरे खणून पाणी प्यायचे, आणि पुराच्या पाण्याने सगळे झिरे बुजून रेती पुन्हा सपाट व्हायची. नदी आपलं आपण भरून काढते, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

गाडी काठावर ठेवून सगळे खाली उतरले आणि सुरभी खरंच थबकली. माघातलं स्वच्छ ऊन, दूरवर पांढरी रेती, मधून हिरवं शांत पाणी आणि पलीकडे तेलंगणाची झाडी. ना टपरी, ना नळ, ना बसायला ओटा, ना सावलीला एखादं झाड. छकुलीला दूध पाजायला सुरभीला बेशरमच्या झुडपाआड जाऊन बसावं लागलं, आणि फोनला रेंज म्हणून नव्हती.

"आई, खरंच कुणी नाही गं इथे," ती परत येत म्हणाली. "एवढं छान आहे आणि कुणीच कसं येत नाही?"

"लोकाईले कदर नाही," मथुराबाई म्हणाली. तिला फार बरं वाटलं. लेकीच्या तोंडून आपल्या माहेराचं कौतुक ऐकायला तिचे कान कधीचे आसुसले होते.

डबा सोडायच्या आधी ओटी, असं ठरलं. सुरभीने मुद्दाम आणलेली साडी ड्रेसवरूनच गुंडाळली, त्यावरून मायलेकी पोट धरून हसल्या. मथुराबाईने छकुलीला कडेवर घेतलं. नयनने फोटोसाठी मोबाइल काढला. काठाचं पाणी अगदी निवांत होतं, त्यात तर गव्हाचा दाणाही वाहून गेला नसता.

"इथं नोको सोडू," मथुराबाईने सांगितलं. "धार मंधात हाय. जाय पुढं. गुडघ्याच्या वर येत नाही. भेऊ नोको."

सुरभी निघाली. पाणी घोट्यापर्यंत होतं. आणखी पुढे गेली, तरी घोट्यापर्यंतच. तिने मागे वळून आईकडे पाहिलं आणि मान उडवून हसली, की बघ, किती शहाणी आहे मी. पदरात ओटी सावरून तिने पुढचं पाऊल टाकलं आणि ती तिथे नव्हती.

आवाज झाला नाही. पाय घसरला, तोल गेला, किंचाळली, असं काहीच झालं नाही. माणूस होतं, आणि मग नुसता नारळ पाण्यावर डुलत होता.

मग ती वर आली. तोंड वर, डोळे मोठे झालेले, साडी अंगाला लपेटलेली. "आई" एवढं म्हणाली आणि पुन्हा खाली गेली. नयन मोबाइल टाकून धावला. त्याला पोहता येत नव्हतं. मथुराबाईला ते माहीत होतं, त्यालाही माहीत होतं, तरी तो धावला, आणि जिथे ती गेली तिथेच तोही गेला. पाण्याखालची रेती तिथे भिंतीसारखी सरळ तुटलेली होती.

मथुराबाईने पोरीला रेतीवर ठेवलं. इकडेतिकडे पाहिलं. दोर नाही, काठी नाही, माणूस नाही. मग तिने स्वतःच्या लुगड्याला हात घातला. ज्या जवायासमोर डोईवरचा पदर कधी ढळू दिला नाही, त्याच्या देखत तिने नऊवारी अंगावरून ओरबाडून काढली, एका टोकाला जेवणाचा डबा बांधला आणि परकरावर पाण्यात शिरली. घोटाभर पाण्यात, कडेपासून हातभर अलीकडे पाय रोवून तिने डबा लेकीच्या दिशेने भिरकावला.

तो आखूड पडला. तिने ओढून पुन्हा फेकला. सुरभीचा हिरव्या बांगड्यांचा हात वर आला होता, तिने तिथेच नेम धरला होता. पण लुगडं पडलं ते नयनच्या खांद्यावर, आणि त्याने ते घट्ट धरलं.

त्या घडीला मथुराबाईच्या मनात जे आलं ते तिने कधी कोणाला सांगितलं नाही. सोड, असं तिला ओरडावंसं वाटलं. सोड रे, तिला दे. हातातला पीळ ढिला करावा, लुगडं परत ओढावं आणि लेकीकडे फेकावं, असं तिला वाटलं. मग ती ओढायला लागली. तो पुरुषाचा जड देह तिने कसा ओढला ते तिलाच ठाऊक. त्याचे हात कडेला लागले, रेती ढासळली, पुन्हा लागले, आणि तो पालथा वर आला. तिने त्याच्या मुठी उकलून लुगडं सोडवलं आणि पाण्याकडे पाहिलं. पाणी सपाट होतं. तरी तिने डबा फेकला. नुसत्या पाण्यात ती फेकत राहिली आणि लेकीचं नाव घेत राहिली.

मागे छकुली रडत होती. नयन खोकत, ओकत, रांगत काठावर चढला आणि मथुराबाईच्या पिशवीतला फोन घेऊन रेंज सापडेपर्यंत रस्त्याने पळत गेला. मामाला तो एवढंच म्हणू शकला, "नदीवर. सुरभी."

घनश्याम मोटरसायकलवर आला. मागून दोघं जण पळत आले. आता तो विचारेल, असं मथुराबाईला वाटलं. लांबवर एकसारखं पाणी होतं, ती कुठे गेली, कोणत्या बाजूला, काहीतरी विचारावं लागणारच. तिने दाखवायला हातही उचलला. पण घनश्यामने तिच्याकडे पाहिलंच नाही. सदरा काढत तो सरळ त्या तुटलेल्या कडेवर गेला, तिथून जरा डावीकडे सरकला, अंधारात स्वतःच्या घरातलं माणूस सरकतं तसा, आणि बुडी मारली.

तिसऱ्या बुडीला त्याने तिला वर आणलं.

रेतीवर निजवली तेव्हा साडी तिच्या पायांना करकचून गुंडाळलेली होती. एकाने पोटातलं पाणी काढून पाहिलं, छाती दाबून पाहिली, मग तो उठून लांब जाऊन उभा राहिला. नयनने तिचं डोकं मांडीवर घेतलं. तो रडत नव्हता, तिच्या केसांतली रेती एक एक कण करून काढत होता, आणि मथुराबाई ते पाहत राहिली. याच माणसाला आपण सोडणार होतो.

लीलाबाईही धापा टाकत आली, तिच्यामागून गाव जमा झालं. सुरभीला पाहून तिने छकुलीला उचलून उराशी धरलं आणि तोंड फिरवलं. मथुराबाईला वाटलं, हिने आता बोलावं. तुम्हाला सांगितलं होतं, असं म्हणावं. ती नुसती छकुलीला थोपटत राहिली, आणि ते सोसायला जास्त कठीण होतं.

ओल्या परकरावर मथुराबाई उभी होती. घनश्यामने आपला दुपट्टा आणून तिच्या खांद्यांवर पांघरला. त्याच्या नाकातोंडातून पाणी गळत होतं. दोघं भावंडं लहानपणी ज्या पाण्यात खेळली, ते पुढ्यात हिरवंगार पसरलं होतं.

"किती पानी हाय रे इथं?" तिने विचारलं.

"तीन पुरुस," तो म्हणाला. "मशीनचा हात त्याच्या खाली जात नाही."

रोज कोणा ना कोणाला सांगायचं माप होतं ते, सहज तोंडातून निघून गेलं. मग आपण काय बोललो ते त्याला कळलं. "अक्का," तो म्हणाला, "अवं अक्का, म्या तुले सांजच्याले..."

मथुराबाईने खांद्यावरचा दुपट्टा काढला. नीट घडी करून भावाच्या हातात परत दिला आणि तशीच उघड्या परकरावर, साऱ्या गावादेखत, लेकीच्या पायाशी जाऊन बसली.