जोडात शिरलेलं पानी

पंचायतीचा टीव्ही आमच्या बौद्धवस्तीच्या समाजमंदिरात हाय, आन् तो हितंच ऱ्हानार. हे मी, जालिंदरची बायकू मुक्ता, सरपंच नानासोंना तोंडावर सांगितलं.

सत्त्याहत्तर साल व्हतं. शिरवळच्या आसपासच्या गावांत टीव्ही म्हंजी नवलाई. आमचं मंदिर उंचावर, सिंहगडावरच्या टीव्ही मनोऱ्याकडनं चित्र लख्ख यायचं. कवाच वस्तीत पाय न ठेवलेली मान्सं आमच्या सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसायची.

श्रावणात झड लागली आन् पडद्यावर नुसत्या मुंग्या. नानासो म्हनले, "ही जागाच बरी न्हाई. ऐतवारी गडी घिऊन येतो, टीव्ही माझ्या घरच्या सोप्यात न्हेतो."

त्यांच्या सोप्यात आमी कुटं बसनार? दाराभायेर, अंगनात, भिजत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"जागंला नावं ठेवू नगा," मी म्हनलं. "आदी दुरुस्ती हुंद्या."

"मुक्ते, लय बोलतीस."

"बोलनारच. टीव्ही गावाचा हाय."

माजा नवरा पलटनीत वायरलेसवर, तवा सुट्टीवर आलेला. शनवारी पाऊस उघडला तशी मी शिडी धरली, तो कौलावर चढला. अँटेनापाशी केबलचा जोड. पावसानं भिजू नये म्हनून नानासोंच्या गड्यानं त्याला प्लास्टिकची पिशवी दोनी बाजूंनी करकचून बांधलेली. सोडली तर आतनं भळाभळा पानी आलं. तांब्याची तार हिरवी पडलेली.

"पानी कसंबी शिरतं," जालिंदर म्हनला, "पन ह्यातनं भायेर पडाय वाटच न्हाई."

त्यानं सडलेला तुकडा कापला, जोड नवा केला, चिकटपट्टी खालनं वर गुंडाळत न्हेली. कौलं घालतात तशी, वरचा येढा खालच्यावर चढवून. त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर आवळलं. केबल खिडकीत शिरायच्या आदी खाली झोळ सोडला, म्हंजी वघळनारं पानी थितनंच ठिबकून जाईल.

ऐतवारी सांजच्याला पावसानं नुसता धुमाकूळ घातला. नानासो गडी घिऊन आले, तवा टीव्ही चालू व्हता. बातम्या देनाऱ्या बाईच्या कपाळावरची टिकली सुदिक दिसत व्हती. गडी बघता बघता आत शिरले आन् खाली बसले. नानासो तेवढे दारात, पागोळ्यांखाली भिजत उबे.

मी सतरंजीवर सरकून जागा केली.

"आवं नानासो, आत या. दाराभायेर उबं करायची रीत तुमच्याकडची. आमच्याकडं न्हाई."

त्यांनी वहाना काढल्या.