माळ्यावर टाकलेल्या ड्राइव्हचा सूड

मित्रांनो, कोथरूडच्या फोटो स्टुडिओत विक्रमशेठ ज्याला ‘डबडं’ म्हणायचे, तो जुना नेटवर्क ड्राइव्ह मीच. तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरांमधल्या फोटोंची, लग्नांच्या व्हिडिओंची दुसरी प्रत माझ्या पोटात असे. एखादा कॉम्प्युटर बंद पडला, की मी सगळं जसंच्या तसं परत देई. शाबासकी विक्रमशेठ घेत. मी आपलं मनात टिपून ठेवी.

मग नवा ड्राइव्ह आला. काळा, चकचकीत. माझ्यातलं त्याच्यात भरणं चालू असतानाच विक्रमशेठ नारळ घेऊन उभे! त्यांची धाकटी बहीण शेफाली म्हणाली, “दादा, कॉपी अर्धीही झाली नाहीये.”

“फोल्डरांची नावं दिसतायत ना? झालं तर. उद्या पितृपंधरवडा लागतोय. पूजा आजच.”

नव्याला हळदकुंकू मिळालं. माझा प्लग उपटला आणि मला माळ्यावर मोडक्या छत्र्यांत फेकलं. तिथे मी एकच मागणं मागितलं : यांना माझी गरज पडो, आणि चांगली जोरात पडो!

पडली. खडकवासल्याकडून सोजरबाई आल्या. “तुम्ही दिलेला पेन ड्राइव्ह चालंना, दादा. आमच्या राजनंदिनीच्या वरातीत धनी नाचलं हुतं. जन्मात एकदाच. आता ते न्हाईत. उद्या तिथी हाय, तेवढं बघायचंय.”

शेफालीने नवा ड्राइव्ह उघडला. लग्नाचं फोल्डर होतं, आत काहीच नव्हतं. कॉम्प्युटरवरची मूळ प्रत जागा करायला कधीच पुसलेली. विक्रमशेठ स्वतः शिडी चढले, शर्टाच्या बाहीने मला पुसलं. “बाबा, एवढ्या वेळेला चाल रे.”

डबड्याचा बाबा झाला! प्लग लावताच मी मुद्दाम खरखरलो. त्यांच्या कपाळावरचा घाम बघून गार वाटलं.

पण सोजरबाईंशी माझं वैर नव्हतं. वरात दिली, अख्खी. धनी स्क्रीनवर उड्या मारू लागले. बाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, “बघा की, बँड थांबला तरी ह्यांचं आपलं चालूच!”

“आता माझे पक्ष्यांचे फोटो काढ,” विक्रमशेठ घाईने शेफालीला म्हणाले. पुढच्या महिन्यात त्यांचं प्रदर्शन होतं, आणि तेही फोटो आता फक्त माझ्याच पोटात होते.

मी तिथेच थांबलो. कायमचा. माझं वय झालं होतं, हे खरं. पण क्षण मी निवडला.

मित्रांनो, जुन्याचा प्लग काढण्याआधी नव्याचं पोट उघडून बघत जा. एवढं केलंत, तर आम्ही मुकाट भंगारात जाऊ. नाही केलंत, तर तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं, ते आम्हाला पाठ असतं.